पाटियावरचं 'पंजाबी' आणि कार्डावर नसलेला रस्सा



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी रात्री साडेआठला आम्ही पर्वत पाटियावर एका पंजाबी हॉटेलबाहेर नंबर लावून बसलो होतो. रविवारी रात्री अर्धी सुरत घरी जेवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, एक जण वहीत नावं लिहून घेतोय, लेकरं कंटाळून बडीशेप खातायत. तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. पोरगं इंग्लंडात ब्रॅडफर्डला शिकायला गेलंय, आणि शिकता शिकता एका हॉटेलात भांडी धुवायचं पार्ट टाइम कामही करतं. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजलेले, त्याची ड्युटी सुरू व्हायची होती. त्याने कौतुकाने हॉटेलची पाटी दाखवली : 'पाकिस्तानी अँड इंडियन करी'.

माझी मुलगी सातवीत आहे. तिने पाटी वाचली आणि विचारलं, "पप्पा, पाकिस्तानी जेवण कसं असतं?"

मी म्हटलं, "थांब, अर्ध्या तासात तुझ्या ताटात येईल."

तिला वाटलं मी गंमत करतोय. घरी येऊन तिला नीट सांगायला बसलो, तर पेशावरपासून अमळनेरपर्यंत सगळंच निघालं. तेच इथे लिहितो. आपल्यातल्या नव्या पोरांनाही कळू दे, की आज आपण जिथे ऐटीत नंबर लावतो, तिथे आत जाऊन बसायला आपल्या घरांना किती वर्षं लागली.

आधी पाटियाविषयी. गुजरातीत पाटियुं म्हणजे फळी, पाटी. आत कुठेतरी गाव असतं आणि हायवेवर त्या गावाच्या नावाची पाटी असते, तिथे बस थांबते. त्या जागेला म्हणायचं अमक्याचं पाटिया. तसं हे पर्वत गावचं पाटिया, सुरतेहून बारडोली-कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रोडवरचं. आज इथे कापड मार्केटच्या व्यापाऱ्यांच्या सोसायट्या आहेत, त्यात राजस्थानी मंडळी भरपूर. एका बाजूला गोडादरा, पलीकडे लिंबायत, तिथून खाली डिंडोली. म्हणजे आपलं राज्यच. पाऊस जोरात झाला आणि खाडी भरली की पाटियावर गुडघाभर पाणी, हेही तुम्ही सगळ्यांनी भोगलंय.

आता आपण इथे आलो कसे? आपली तापी व्हॅली रेल्वे, सुरत ते अमळनेर, साधारण अडीचशे किलोमीटर, १९०० च्या सुमारास पूर्ण झाली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावं सुरतेला रुळाने जोडली गेली. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खान्देश एकाच मुंबई राज्यात होते, मग मध्ये रेघ आली. ती रेघ नवापूर स्टेशनात अजून बघायला मिळते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. रेघ पडली, तरी गाडी थांबली नाही. १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्यानंतर गावंच्या गावं त्या गाडीत बसली. इकडे सुरतेत पॉवरलूम आणि डाईंगच्या मिला वाढत होत्या, त्यांना हात हवे होते.

आमचे आबा १९७४ ला आले. अमळनेर तालुक्यातलं गाव, दोन एकर कोरडवाहू. उधन्याला लूमवर लागले, बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे. मालक चेष्टेने म्हणायचा, "तुम्हीच ना आमची सुरत लुटली?" १६६४ आणि १६७० चं ते प्रकरण सुरतेत प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी ऐकावं लागतं. आबांचं उत्तर ठरलेलं : "शेठ, आम्ही लुटाले नही, कमाले उनूत."

त्या काळी आपली माणसं बाहेर जेवत नव्हती असं नाही. एकटे आलेले पुरुष रोज बाहेरच जेवायचे. पण त्याला कोणी 'हॉटेलात जेवणं' म्हणत नव्हतं. ती मेस होती. एखादी वहिनी किंवा मावशी दहा-बारा पोरांना डबे करून द्यायची, पगार झाला की हिशेब. डब्यात ज्वारी-बाजरीची भाकर, काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा, आठवड्यातून एकदा भरीत. कितीतरी घरं त्या डब्यांवर उभी राहिली. दिवसभर साड्यांना लेस आणि टिकल्या लावायच्या आणि पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, अशा बायका आपल्या प्रत्येक गल्लीत होत्या. माझी माय त्यातलीच. तिने सात वर्षं डबे दिले. तिला कोणी शेफ म्हटलं नाही.

'हॉटेल' म्हणजे पंखा, टेबल, वेटर आणि कार्ड. आणि कार्ड म्हणजे पंजाबी.

हे 'पंजाबी' सुरतेत आलं कुठून, ही खरी गोष्ट आहे. १९४७ च्या फाळणीत दोन्हीकडून मिळून एक कोटीहून जास्त माणसं उठली. पश्चिम पंजाबातून, सरहद्द प्रांतातून, सिंधमधून लोक आले. आपल्याकडे कल्याणजवळच्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि इथे सुरतेत रांदेर रोडवर रामनगरची सिंधी वस्ती आहे. या लोकांनी घरं सोडली, जमिनी सोडल्या, पण हातातली कला आणली. तंदूर ही त्यातलीच गोष्ट. पंजाबातल्या गावात तंदूर सगळ्या गल्लीचा मिळून असायचा, बायका कणीक घेऊन तिथे जायच्या, रोट्या आणि गप्पा एकत्र भाजायच्या. त्याला सांझा चूल्हा म्हणत.

पेशावरात मोती महल नावाचं एक खाण्याचं दुकान होतं. तिथे काम करणारे काही हिंदू पंजाबी फाळणीनंतर दिल्लीला आले आणि १९४७ मध्येच दर्यागंजला त्याच नावाने हॉटेल सुरू झालं. त्यात दोन कुंदनलाल, एक गुजराल आणि एक जग्गी. तंदूरी चिकन, बटर चिकन, दाल मखनी हे सगळं या हॉटेलमुळे देशभर गेलं. बटर चिकन नेमकं कोणत्या कुंदनलालने काढलं यावरून त्यांच्या वारसांचा खटला २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेला. म्हणजे बघा, बेघर होऊन आलेल्या माणसांची भाजी, पंचाहत्तर वर्षांनी तिच्या मालकीसाठी कोर्टात वकील उभे राहिले.

दिल्लीहून हे जेवण हायवेच्या ढाब्यांवर उतरलं आणि ढाब्यांवरून गावोगावच्या हॉटेलांत. सुरतेत आल्यावर त्याने कपडे बदलले. कोंबडी गेली, तिच्या जागी पनीर बसलं. जैन गिऱ्हाईक आलं म्हणून कांदा-लसूण नसलेली वेगळी ग्रेव्ही निघाली. गुजराती जिभेसाठी साखर थोडी वाढली, सोबत छास आली. तरी नाव पंजाबीच राहिलं. सुरती माणूस अजूनही म्हणतो, "आजे पंजाबी शाक खावा जईए." त्या शाकाचा पत्ता विचारत गेलात तर आजच्या पाकिस्तानातल्या पेशावरात निघतो. मुलीला मी 'तुझ्या ताटात येईल' म्हणालो, ते यासाठी.

पाटियाच्या बाजूला अशी हॉटेलं वाढली ती माझ्या आठवणीप्रमाणे प्लेगनंतर. सप्टेंबर १९९४. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. सरकारी आकड्यात मेलेले पन्नासच्या आसपास, पण भीती अशी की काही लाख लोक शहर सोडून पळाले. आम्हीही भुसावळ पॅसेंजरच्या दारात लटकून गावाला गेलो. गावच्या वेशीवर आमच्याच भाऊबंदांनी आम्हाला दोन दिवस मळ्यात थांबायला सांगितलं. राग नव्हता, भीती होती.

परत आलो तर १९९५ मध्ये एस. आर. राव कमिशनर म्हणून आले. कचरा उचलणं, गटारं, अतिक्रमण, सगळ्यावर त्यांनी हात घातला. आणि हॉटेलं! अस्वच्छ हॉटेलाला दंड, नाही सुधारलं तर सील, मग मालक किती का मोठा असेना. सुरतेच्या लोकांचा बाहेर खाण्यावरचा विश्वास प्लेगने घालवला होता, तो या सफाईने परत आणला असं माझं मत आहे. नव्या सोसायट्या पाटियाकडे सरकत होत्या. त्यांच्या खाली चकचकीत फरशीची, एसीची हॉटेलं निघाली. बाहेर काचेतून आतली टेबलं दिसायची. आम्ही लिंबायतहून ट्यूशनला जाताना सायकल हळू करून बघायचो.

मग जून १९९७. माझा दहावीचा निकाल लागला. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत सुरुवात केलेलं पोरगं फर्स्ट क्लासमध्ये आलं. आबांनी कबूल केलं होतं, फर्स्ट क्लास आला तर पाटियावर हॉटेलात जेवायचं.

सगळी तयारी मला जशीच्या तशी आठवते. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मायने लग्नाला नेसायची साडी काढली, डोक्यावर पदर घेतला. बहिणीच्या केसात गजरा. आबांनी खिशातले पैसे तीन वेळा मोजले. रिक्षा केली नाही, पायी गेलो, म्हणून पोहोचेपर्यंत शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

दारात गेलो. आबांनी काचेचा दरवाजा ढकलला. गल्ल्यावरच्या माणसाने आमच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "पार्सल के लिए उधर साइड में।"

एवढंच. शिवी नाही, हाकललं नाही. त्याला खरंच वाटलं असेल की हे लोक पार्सल घ्यायला आलेत. आत निम्मी टेबलं रिकामी होती. आबा क्षणभर थांबले. ते म्हणू शकले असते, की आम्हाला बसायचंय. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते म्हणाले, "हां, पार्सल."

पनीर बटर मसाला एक, दाल फ्राय एक, बटर रोटी दहा. आम्ही बाजूला उभे राहिलो. मायने पदर आणखी पुढे ओढला. पिशवी घेऊन पायी परत.

घरी येईपर्यंत रोट्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. मायने काही न बोलता स्टोव्ह पेटवला आणि भाकरी टाकल्या. पेपर अंथरला, मध्ये ती लाल भाजी ठेवली. पहिला घास घेऊन माय म्हणाली, "गोड शे रे हाई!" आणि उठून ठेचा आणला. मग आम्ही चौघांनी पेशावरहून दिल्लीमार्गे आलेली ती भाजी भाकरी-ठेच्याशी खाल्ली. बहीण हसत होती. मी पण हसलो. आबा हसले नाहीत.

त्या हॉटेलाचं नाव घेत नाही. आता ते तिथे नाहीही, आणि तो माणूस काही वाईट होता असंही मला वाटत नाही. पण त्या दिवसानंतर आबांनी 'हॉटेल' हा शब्द बरीच वर्षं काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरनं काय वाईट शे?"

मी २००३ मध्ये रिंग रोडच्या मार्केटमध्ये हिशेबाच्या कामाला लागलो. पहिल्या पगारातून मित्रांसोबत पाटियावर जेवलो, आत टेबलावर बसून. तेव्हा कार्ड पहिल्यांदा हातात घेऊन नीट वाचलं. तुम्हीही एकदा वाचा, भूगोलाचं पुस्तक आहे. पेशावरी, लाहोरी, काबुली, काश्मिरी, अमृतसरी, हैदराबादी. जिथून माणसं उठली किंवा जिथे राजे-नबाब होते, ती सगळी गावं कार्डावर. आणि त्या सगळ्यात आपल्या मराठी मुलखाचं एकच नाव : व्हेज कोल्हापुरी, पुढे दोन लाल मिरच्यांचं चित्र.

कोल्हापूरच्या माणसाला विचारा, ही भाजी तुमच्या घरी करतात का. तो तांबडा-पांढरा रस्सा सांगेल, मटण सांगेल, मिसळ सांगेल. ही लाल ग्रेव्हीतली फ्लॉवर-गाजराची भाजी हॉटेलवाल्यांनी बनवली आणि तिखट म्हणून तिला कोल्हापूरचं नाव चिकटवलं. भाचा सांगत होता, इंग्लंडात पण हाच प्रकार. तिथे तिखट भाजीला 'मद्रास' म्हणतात, मद्रासच्या माणसाला ती माहीत नाही. 'विंडालू' मात्र खरंच आपल्या गोव्याचं, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणाच्या मांसावरून आलेलं, पण तिथे त्याचा अर्थ उरलाय फक्त 'सगळ्यात जहाल'. नाव जातं, चव मागे राहते.

आत भटारखान्यातलंही थोडं सांगतो, कारण आमच्या चुलत भावाने तिथे तीन वर्षं काढली. कांदे सोलणं, टोमॅटो उकडणं, काजू आणि मगज बी वाटणं. सकाळी तीन मोठी पातेली ग्रेव्ही तयार होते, लाल, पांढरी आणि पिवळी. रात्री कार्डावर पन्नास नावं दिसतात, ती या तिघींच्या मिसळणीतून निघतात. म्हणून तर दहा मिनिटांत टेबलावर येते. भाऊ म्हणायचा, "आम्ही सोता ते खात नही." स्टाफचं जेवण वेगळं व्हायचं. जो वाकबगार असेल त्याच्या गावचं. गढवाली पोरगा असला तर त्याच्या पद्धतीचा डाळ-भात, आणि आपला असला तर रस्सा.

आता शेजारच्या काठियावाडींचं बघा. तेही आपल्यासारखेच बाहेरून आले, सौराष्ट्रातून, हिरे घासायला, वराछाला. सुरुवातीला तेही एका खोलीत दहा जण राहिले. आज सुरतेत 'काठियावाडी' हॉटेलं जागोजागी आहेत. बाजरीचा रोटला, लसणिया बटाटा, सेव टमेटा, रींगणनो ओळो. ओळो म्हणजे काय? वांगं भाजून केलेलं भरीतच की! आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे वांगं आपलं सर्टिफिकेटवालं. तरी सुरतेच्या बोर्डावर ओळो लागला, भरीत नाही लागलं. का? आमचे आबा त्याचं उत्तर द्यायचे ते मला पटतं. जेवण बोर्डावर तेव्हा येतं, जेव्हा त्या गावचा माणूस गल्ल्यावर बसतो. काठियावाडी घासणारे कारखानदार झाले, त्यांनी आपल्या गावचं खाणं मागितलं आणि आपल्याच माणसाकडून विकत घेतलं. दर्यागंजचे कुंदनलालही मालक झाले, म्हणून पेशावर कार्डावर आलं. आपण मात्र बराच काळ लूमवर राहिलो. गिऱ्हाईक म्हणून दारात गेलो तर पार्सलच्या बाजूला.

२०१५ मध्ये आबांनी काम सोडलं. एकेचाळीस वर्षं लूमच्या आवाजात काढून कान जवळपास गेलेले. मी म्हटलं, आता चला, पाटियावर जेवू. नाही नाही म्हणत आले. वेगळं हॉटेल, नवा मालक. मी मुद्दाम पुढे झालो, दार उघडून धरलं. गल्ल्यावरचा पोरगा उठून म्हणाला, "आओ काका, बैठो." आबांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

बसले. चष्मा लावून कार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग मला विचारलं, जरा मोठ्यानेच, कान गेल्यामुळे : "याम्हा आपलं काय शे?"

मी म्हटलं, "व्हेज कोल्हापुरी."

"कोल्हापूर कथा नि आपन कथा!" बरोबरच आहे. आमच्या गावाहून कोल्हापूर सुरतेपेक्षा दुपटीहून लांब.

पाणी ठेवणारा वेटर हसला. शिरपूरकडचा पोरगा निघाला. वाकून आबांच्या कानाशी म्हणाला, "काका, आज स्टाफले शेवना रस्सा शे. पन कार्डवर नही, देता येत नही."

आम्ही आग्रह केला नाही. पोराची नोकरी होती. दाल फ्राय आणि जिरा राइस मागवला, आबा पोटभर जेवले, बडीशेप घेतली. बाहेर आल्यावर दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे आत शिजस. फक्त बोर्डवर नही." आणि हसले. १९९७ पासून त्या रोडवर आबांना हसताना मी तेव्हा पाहिलं.

आबा २०१९ ला गेले. पण एवढ्या काळात बदल झाला, तो त्यांनी थोडा पाहिला. आता डिंडोली, गोडादरा, उधना, कुठेही फिरा, 'खान्देशी' बोर्ड दिसतात. शेवभाजी, पाटोडीचा रस्सा, डाळ-बट्टी, हिवाळ्यात भरीत-पुरी आणि कळण्याची भाकर. काही ठिकाणी शेवभाजी अजून तीच गोड ग्रेव्ही घेऊन येते आणि वरून शेव पेरतात, तिथे माय असती तर ठेचा मागितला असता. पण काही ठिकाणी खरोखर कांदा-खोबरं भाजलेलं, काळा मसाला, तर्री वर तरंगणारी. गुजराती लोकही येतात, नाक पुसत खातात आणि वर छास पितात. त्या बोर्डांमागे कोण आहे विचारलं, की बहुतेक वेळा गोष्ट एकच निघते : बाप लूमवर होता, आई डबे द्यायची.

आता परत ब्रॅडफर्ड. मुलीला सांगता सांगता मी त्याविषयी वाचलं आणि गप्प झालो. ब्रॅडफर्ड हे आपल्या सुरतेसारखंच कापडाचं शहर, लोकरीच्या मिलांचं. तिथे पाकिस्तानी लोक आले ते मुख्यतः मीरपूर भागातून. १९६७ मध्ये तिकडे मंगला धरण पूर्ण झालं, एक लाखाहून जास्त माणसं उठवली गेली, त्यातले बरेच इंग्लंडला गेले. मिलांत रात्रपाळी कोणी घेत नव्हतं, ती त्यांनी घेतली. एका खोलीत अनेक जण राहायचे, एक पाळी उठली की दुसरी त्याच गादीवर झोपायची. त्यांना घरासारखं जेवण मिळावं म्हणून छोट्या खाणावळी निघाल्या. पुढे मिला बंद पडल्या, काही टॅक्सी चालवू लागले, काहींनी हॉटेलं टाकली. आज गोरी माणसं तिथे रविवारी नंबर लावतात.

म्हणजे लूम, रात्रपाळी, दहा जणांची खोली, डबा, आणि मग बोर्ड. गाव वेगळं, देश वेगळा, धर्म वेगळा, पण मला ती सगळी लिंबायतची माणसं वाटली. आणि त्यांच्याच मागच्या खोलीत आज आमचा भाचा भांडी धुतोय. त्याला मी विचारलं, स्टाफला काय जेवायला असतं? म्हणाला, "मामा, कार्डावरचं नाही. मालकाच्या घरचा डबा येतो. मसूरची डाळ आणि जाड रोटी. लई भारी."

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं लांबलं. त्या रविवारी शेवटी आमचा नंबर लागला, "पाच जण" अशी हाक आली, आम्ही आत जाऊन बसलो. तिने पनीर बटर मसाला मागवला. तिला तो गोड लागत नाही, ती सुरतेची आहे. मी मेनू कार्ड सवयीने शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या पानावर, काठियावाडीच्या खाली, पेनाने लिहून झेरॉक्स काढलेली एक ओळ होती : 'खान्देशी शेव भाजी (तिखी)'.

मागवली. बरी होती. मसाला अजून भाजायला हवा होता.

तुमच्या घरातलं माणूस पहिल्यांदा हॉटेलात कधी बसलं, कुठे, काय मागवलं? आत बसलं की पार्सल घेतलं? लाजू नका, खाली लिहा. आणि ज्यांच्या आई-मावश्यांनी डबे दिले त्यांनी तर नक्की लिहा. ते कुठल्या कार्डावर छापलेलं नाही, आपणच लिहिलं तर राहील.

जय खान्देश.